लांबून मिटणारी झडप

भरलेल्या पेट्रोलच्या टाकीकडे बाहेरून पाहिलं तर काही घडत असल्याचं दिसत नाही. ना आवाज, ना धूर, ना हालचाल. तिच्या तळाशी काय साठलेलं आहे ते आकड्यांवरूनच कळतं. टाकीत पंधरा मीटर उंचीपर्यंत पेट्रोल असेल, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून थोडा जास्त दाब असतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण तळाजवळच्या पाइपाचं दहा इंची तोंड अचानक उघडं पडलं, तर त्यातून पेट्रोल ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं बाहेर पडतं. सेकंदाला सुमारे पाचशे लिटर. पेट्रोल पंपावर येणारा बारा हजार लिटरचा टँकर त्या धारेनं पंचवीस सेकंदांत भरेल.

या तोंडाशी, टाकीच्या पत्र्याला लागून बसवलेल्या पहिल्या व्हॉल्व्हचा हा परिचय आहे. तेल कंपन्यांच्या डेपोंत त्याला रोसोव्ह म्हणतात. दूर बसून बंद करता येणारा व्हॉल्व्ह, एवढीच त्याची ओळख कागदावर असते. वर्षानुवर्षं तो उघडा राहतो, त्याच्यातून तेल येत-जात राहतं आणि त्याचं खरं काम करायची वेळ क्वचितच येते, बहुधा कधीच येत नाही. भारतातल्या पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या टाक्यांना तो सक्तीचा झाला त्याला एक तारीख कारणीभूत आहे: २९ ऑक्टोबर २००९.

त्या संध्याकाळी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमधून शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या टर्मिनलला पाइपलाइननं पेट्रोल पाठवायचं होतं. नेहमीचंच काम. टाकीपासून निघणाऱ्या पाइपावर ओळीनं तीन साधनं होती. टाकीला लागून मोटारीवर चालणारा व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे हॅमर ब्लाइंड आणि त्यापुढे हातानं फिरवायचा गेट व्हॉल्व्ह. हॅमर ब्लाइंड म्हणजे पाइपाच्या आत आडवी येणारी जाड लोखंडी तबकडी. तिची एक बाजू बंद, दुसरी भोकाची. बाजू बदलायची असेल तर वरचं झाकण मोकळं करून तबकडी काढून फिरवावी लागते, आणि तेवढा वेळ त्या जागी पाइप आकाशाकडे उघडा असतो. म्हणून नियम साधा होता: आधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करा, मगच तबकडीला हात लावा.

तबकडी फिरवण्याचं काम सुरू असताना टाकीकडचा मोटारीचा व्हॉल्व्ह उघडा होता. झाकणाच्या जागेतून पेट्रोलचं कारंजं उडालं. जवळ असलेला ऑपरेटर भिजला, वाफेनं गुदमरला. त्याला वाचवायला धावलेलेही आडवे झाले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर विरून जात नाही, जमिनीलगत पसरते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. त्या संध्याकाळी वारा जवळजवळ नव्हता. सांडलेलं तेल अडवण्यासाठी टाकीभोवती जो बांध असतो, त्याची पाणी काढून देणारी झडपही उघडी राहिली होती, त्यामुळे पेट्रोल गटारांमधून आवारभर फिरलं.

सहा वाजून गेल्यावर सुरू झालेली ही गळती सुमारे पंचाहत्तर मिनिटं चालली. हजार टनांच्या आसपास पेट्रोल बाहेर पडलं. साडेसातच्या सुमाराला स्फोट झाला. अकरा माणसं गेली. सहा टर्मिनलमधली, पाच बाहेरची. दोन किलोमीटरपर्यंतच्या इमारतींना हादरा बसला. अकरा टाक्या पेटल्या आणि आग विझवणं शक्य नाही हे लक्षात आल्यावर ती जळून संपू द्यायचं ठरलं. तिला अकरा दिवस लागले. साठ हजार किलोलिटर इंधन जळालं.

या सगळ्यात मला पुनःपुन्हा अडवणारी गोष्ट पंचाहत्तर मिनिटांची आहे. पाच मिनिटांत काही सुचलं नाही, हे समजू शकतं. पण सव्वा तास टाकी रिकामी होत राहिली आणि तिला थांबवणारा व्हॉल्व्ह तिथेच होता. तो मोटारीवर चालणारा होता. फक्त तो ज्या ढगात बुडाला होता, तिथे माणूस जाऊ शकत नव्हता. त्याला कंट्रोल रूममधून चालवण्याची सोय मुळात केलेली होती, पण ती काही वर्षांपासून बंद पडलेली होती. एका तारेच्या टोकाला बटण जिवंत असतं तर ती गळती काही सेकंदांत थांबली असती. व्हॉल्व्ह आणि त्याच्यापर्यंत पोचू न शकणारा हात, यांच्यातलं अंतर हाच या यंत्राचा खरा विषय आहे.

चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख होते एम. बी. लाल, हिंदुस्तान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष. त्यांचा अहवाल तांत्रिक असूनही वाचताना अंगावर येतो. समितीनं हॅमर ब्लाइंड काढून टाकायला सांगितले. पेट्रोलची वाफ हुंगणारे डिटेक्टर आणि कॅमेरे बसवायला सांगितले. आणि टाकीच्या अंगावरचा पहिला व्हॉल्व्ह दूरून बंद होणारा असावा, वीज गेली तरी आपोआप मिटणारा असावा, आगीत टिकणारा असावा, असं सांगितलं. रोजच्या कामासाठी मोटारीचा व्हॉल्व्ह त्याच्यापुढे वेगळा. म्हणजे माल सोडणं-थांबवणं हे दुसऱ्याचं काम, आणि संकटात टाकी मिटवणं हे पहिल्याचं.

या रचनेतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. कंट्रोल रूममधल्या बटणानं आणि बांधाबाहेरच्या बटणानं हा व्हॉल्व्ह बंद करता येतो. उघडायचा असेल तर मात्र कंट्रोल रूममधून उघडत नाही. माणसाला टाकीजवळ जाऊन, पाइपाकडे डोळ्यांनी बघून तो उघडावा लागतो. बंद करण्याची घाई कुठूनही करा, उघडण्याची घाई करू नका. खुर्चीत बसून टाकी उघडण्याचा मार्गच या रचनेत ठेवलेला नाही.

हे ज्ञान जयपूरच्या आधी जगाला नव्हतं का? होतं, आणि त्याची किंमत आधी अनेकांनी मोजली होती. ४ जानेवारी १९६६ च्या पहाटे फ्रान्समधल्या लिओं शहराजवळच्या फेझँ रिफायनरीत एक ऑपरेटर प्रोपेनच्या गोल टाकीखालून नमुना काढत होता. खाली एकामागे एक असे दोन व्हॉल्व्ह होते. वरचा आधी पूर्ण उघडायचा आणि खालच्यानं धार हळूहळू सोडायची, हा क्रम. त्यानं खालचा आधी उघडला, मग वरचा थोडा. द्रवरूप प्रोपेन बाहेर येताना भयंकर थंड होतं. वाट गोठून तुंबली, धार थांबली. त्यानं वरचा आणखी उघडला, आणि तुंबलेलं एकदम सुटलं. त्याचा चेहरा आणि हात थंडीनं भाजले. त्या गडबडीत वरच्या व्हॉल्व्हचा दांडा निघून आला आणि पुन्हा बसवता आला नाही. प्रोपेनचा ढग शेजारच्या हमरस्त्यावर पोचला, एका मोटारीपाशी पेटला, आणि सुमारे दीड तासानं टाकी फुटली. अठरा जण मेले, त्यांत अग्निशमन दलाचे अकरा.

जयपूरला हात पोचला नव्हता. फेझँला हात व्हॉल्व्हवरच होता आणि तरी काही करू शकला नाही. दोन्हीकडे चूक माणसाची होती असं म्हणून फाइल बंद करता येते, आणि तसं करणारे असतात. पण पहाटेच्या थंडीत, अंधारात, ठरलेला क्रम एकदा चुकणं हे माणसाच्या हातून होणारच आहे. चूक झाल्यावर माणूस तिथून पळून जाऊन, सुरक्षित जागी उभं राहून ती निस्तरू शकतो का, हा प्रश्न रचना करणाऱ्यांनी सोडवायचा असतो. फेझँनंतर गॅसच्या टाक्यांखाली दूरून मिटणारे व्हॉल्व्ह आले, ते याच विचारानं. आपल्याकडेही गॅसच्या गोल टाक्यांना ते जयपूरच्या आधीपासून होते. ब्रिटनमध्ये १९९४ साली एलेस्मिअर पोर्टच्या रासायनिक कारखान्यात एथिल क्लोराइडची गळती होऊन मोठी आग लागली. तिथेही गळती दूरून तोडण्याची सोय नव्हती. तिथल्या आरोग्य व सुरक्षा विभागानं २००४ मध्ये अशा व्हॉल्व्हवर एक स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच काढली.

मग पेट्रोलच्या टाक्या मागे का राहिल्या? कारण पेट्रोल गॅस नव्हे, सांडलं तर त्याचं तळं होईल आणि फार तर तळं पेटेल, अशी समजूत होती. उघड्या जागेत पेट्रोलच्या वाफेचा एवढा प्रचंड स्फोट होईल हे अभियंत्यांना पटत नव्हतं. ११ डिसेंबर २००५ ला लंडनच्या उत्तरेला बन्सफील्डच्या डेपोत ते घडलं. जयपूरच्या आधी फक्त सहा दिवस, २३ ऑक्टोबर २००९ ला, पोर्तो रिकोच्या बायामोनमध्ये घडलं. चार वर्षांत तीन डेपो, एकाच पद्धतीनं.

आता यंत्राकडे येऊ. व्हॉल्व्हचा खालचा भाग म्हणजे ओतीव पोलादाचं धड आणि आत बसणारा बॉल, फुलपाखरी तबकडी किंवा सरकती पाती. जुन्या गेट व्हॉल्व्हला चाक असतं. बारा इंची गेट व्हॉल्व्ह बंद करायला त्या चाकाचे पस्तीस-चाळीस फेरे सहज लागतात. बॉल आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात मिटतात, म्हणून संकटाच्या कामाला ते सोयीचे. धडावर बसतो ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारा भाग, आणि सगळं शहाणपण त्यात आहे.

साधी मोटार बसवली तर वीज गेल्यावर व्हॉल्व्ह जिथे आहे तिथेच राहतो. उघडा असेल तर उघडा. आणि आग लागल्यावर पहिली जळते ती वीज नेणारी केबल. म्हणून रोसोव्हच्या ॲक्च्युएटरमध्ये एक जाड स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवेचा किंवा तेलाचा दाब तिला सतत दाबून धरतो, आणि हा दाब सोलेनॉइड नावाच्या विजेवरच्या छोट्या झडपेच्या ताब्यात असतो. सोलेनॉइडला चोवीस तास वीज मिळत असते. वीज तुटली, केबल जळली, हवेची नळी फुटली, कुणी बटण दाबलं, यातलं काहीही झालं की दाब सुटतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. दवाखान्याचं आपोआप लागणारं दार कुणी हातानं धरून ठेवावं, तसा हा व्हॉल्व्ह उघडा धरलेला असतो. सोडला की त्याची स्वाभाविक अवस्था बंद. मिटण्यासाठी त्याला कुणाची परवानगी, वीज किंवा हुकूम लागत नाही. मला या साधनातलं हे सगळ्यांत सुंदर वाटतं. ज्या यंत्रणेला वाचवण्यासाठी तो आहे, त्या यंत्रणेच्या धडधाकट असण्यावर तो अवलंबून नाही.

आगीत टिकण्याची गोष्टही नुसती म्हणायची नाही. बॉल व्हॉल्व्हमध्ये बॉल आणि धड यांच्यात टेफ्लॉनची कडी असते, ती गळती रोखते. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, आणि पेट्रोलच्या आगीत त्याचं काही उरत नाही. म्हणून त्या कडीच्या मागे धातूची दुसरी कड दिलेली असते. टेफ्लॉन जळून गेलं की बॉल तिच्यावर टेकतो. दांड्याभोवती ग्रॅफाइटचं पॅकिंग असतं. अशा व्हॉल्व्हचा नमुना भट्टीत घालून अर्धा तास ७५० ते १००० अंशांच्या ज्वाळेत ठेवतात, मग थंड करून त्यातून किती थेंब गळतात ते मोजतात. ठरलेल्या मर्यादेबाहेर गळला तर तो नमुना नापास. ॲक्च्युएटर, सोलेनॉइड, स्विचचे डबे यांची परीक्षा वेगळी: आत ठिणगी उडाली तरी ज्वाळा बाहेर येता कामा नये. आपल्याकडे अशा फ्लेमप्रूफ डब्यांना मान्यता देणारं केंद्र सरकारचं कार्यालय नागपूरला आहे. १८९८ साली स्फोटक पदार्थांसाठी स्थापन झालेला हा विभाग आज पेसो या नावानं ओळखला जातो. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम राबवण्याचं काम त्याचं. पंपाखालच्या टाकीपासून टर्मिनलपर्यंत देशभरातल्या इंधनसाठ्यांचे परवाने त्याच्या अधिकारात येतात, आणि त्याचा कारभार सेमिनरी हिल्सच्या शांत परिसरातून चालतो हे महाराष्ट्रातही फार जणांना ठाऊक नाही.

काही व्हॉल्व्हना सोलेनॉइडहून जुनी, बिनविजेची राखण असते. दांड्याला किंवा नळीला एक छोटी धातूची कडी जोडलेली असते. ती बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमिअम यांच्या मिश्रधातूची असते आणि सुमारे ७० अंशांना, म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी, वितळते. आग जवळ आली की कडी वितळते, धरून ठेवलेली स्प्रिंग सुटते. १८६० साली हा धातू बार्नबस वुड या अमेरिकन दंतवैद्यानं तयार केला. आज जगभरच्या इंधनसाठ्यांवर तो पहारा देतो.

पटकन मिटणं चांगलं, तर एका क्षणात का मिटू देत नाहीत? हा प्रश्न नवख्या माणसाला पडतो आणि तो योग्य आहे. पाइपात वाहणारं पेट्रोल हे धावतं वजन आहे. त्याला एकदम अडवलं तर त्याची गती दाबात बदलते आणि तो दाब आवाजाच्या वेगानं पाइपातून मागे धावतो. निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ च्या सुमाराला याचं गणित मांडलं. सेकंदाला दोन मीटर वेगानं येणारं पेट्रोल अचानक थांबलं, तर चौरस सेंटिमीटरला पंधरा किलोच्या आसपास जादा दाब उसळतो. टाकीच्या तळाशी असलेल्या दाबाच्या तेरा-चौदा पट. गॅस्केट फुटायला, फ्लँज सुटायला तेवढा पुरतो. ज्या गळतीपासून वाचायचं होतं तीच दुसरीकडे सुरू व्हायची. दाबाची लाट पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत व्हॉल्व्ह हळूहळू मिटत राहिला पाहिजे. दहा किलोमीटरच्या पाइपलाइनवर हा वेळ वीस सेकंदांचा होतो. माल येत असताना मिटायचा वेग, जात असताना मिटायचा वेग, मिटताना पंप आधी थांबवायचा की नंतर, हे सगळं प्रत्येक टाकीला वेगळं बसवावं लागतं. बंदरातून थेट मोठ्या टाक्यांत माल घेणाऱ्या मुंबईच्या माहुलसारख्या ठिकाणी, किंवा मुंबईहून पाइपलाइननं तेल येणाऱ्या मनमाडजवळच्या पानेवाडीत, हे गणित कागदावरचं राहत नाही.

आणि आता या साधनाच्या दुखण्याकडे. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण व्हॉल्व्ह बसवणं सोपं असतं.

वर्षानुवर्षं उघडा राहिलेला व्हॉल्व्ह उघडा राहायला शिकतो. दांड्यावर गंज चढतो, पॅकिंग चिकटतं, टाकीच्या तळाचा गाळ बैठकीत बसतो. स्प्रिंगला इतका जोर द्यावा लागेल असं कारखान्यात कुणी मोजलेलं नसतं. ज्या दिवशी बटण दाबलं जाईल त्या दिवशी तो हलणार की नाही, हे हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि हलवला तर चालू माल थांबतो, पंप बंद पडतो, पाइपलाइनच्या पलीकडचा माणूस फोन करतो. यावर तोडगा म्हणून अर्धवट हालचालीची चाचणी आली. व्हॉल्व्ह दहा-वीस टक्के मिटवायचा, तो हलला याची नोंद घ्यायची आणि परत उघडायचा. माल वाहत राहतो, आणि चिकटलेला व्हॉल्व्ह ओळखता येतो. पण पूर्ण मिटल्यावर तो गळतो का, हे यातून कळत नाही. त्यासाठी पूर्ण चाचणी, टाकी कामाबाहेर असताना. जो डेपो फक्त अर्धवट चाचणीवर समाधान मानतो, त्यानं अर्धी खात्री घेतली आहे.

दुसरं दुखणं माणसांचं. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह वीज तुटली तरी मिटतो, तसा विजेचा नुसता झटका बसला तरी मिटतो. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं, आणि मालाची घाई असताना दिवसात दोनदा व्हॉल्व्ह आपोआप मिटला, तर तिसऱ्यांदा कुणीतरी तारेचा तुकडा लावून सोलेनॉइडला कायमची वीज जोडून देतो. तेवढ्यापुरतं काम चालतं. तो तुकडा काढायचा राहतो. या प्रकाराला दोष देणं सोपं आहे. पण तार लावणाऱ्या फिटरवर माल वेळेत सोडण्याचा दबाव किती होता आणि त्या जंक्शन बॉक्सची तक्रार त्यानं आधी किती वेळा केली होती, हे विचारल्याशिवाय मी त्याला दोषी म्हणणार नाही.

बन्सफील्डची चौकशी याबाबतीत डोळे उघडणारी आहे. तिथे आदल्या संध्याकाळी ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीन वाजून पाच मिनिटांनी टाकीचं मापक अडकलं आणि पडद्यावरचा आकडा तिथेच थांबला. टाकी मात्र भरत राहिली. हे मापक त्याआधीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकलं होतं. तरी एक शेवटची राखण होती: टाकी कडेपर्यंत आली की भरणा आपोआप तोडणारा स्वतंत्र स्विच. या स्विचला तपासणीसाठी एक छोटा दांडा होता. तो मधल्या जागी असला तरच स्विच काम करी, आणि तो तिथे राहावा म्हणून त्याला कुलूप लावायचं असे. कुलूप कशासाठी हे तिथल्या माणसांना कुणी नीट सांगितलं नव्हतं; कुणी छेडछाड करू नये म्हणून असेल, असं त्यांना वाटलं, आणि ते लावलं गेलं नाही. दांडा खाली गेला, स्विच निकामी झाला. पाच वाजून सदतीस मिनिटांनी टाकीच्या माथ्यावरून पेट्रोल ओसंडायला लागलं. अडीच लाख लिटरांहून जास्त वाहून गेलं, आणि सहा वाजून एक मिनिटानं स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून त्रेचाळीस जखमींवर निभावलं, कुणी मेलं नाही.

एका कुलपाची गोष्ट एवढ्या तपशिलानं सांगायचं कारण असं की, ते साधन खराब नव्हतं. ज्यानं ते बनवलं त्याला त्याचं काम ठाऊक होतं. ज्याच्या हाती ते आलं त्याच्यापर्यंत ही माहिती पोचली नाही. आपल्या डेपोंतही व्हॉल्व्ह एका गावात ओतला जातो, ॲक्च्युएटर दुसरीकडून येतो, तारा तिसरा ठेकेदार ओढतो आणि देखभालीचं कंत्राट चौथ्याकडे असतं. त्या चौथ्याच्या हातातल्या पोराला स्प्रिंग कुठल्या बाजूनं सुटते आणि का सुटते हे त्याच्या भाषेत सांगणारं पुस्तक कितीदा दिलं जातं? मराठीत, हिंदीत असं पुस्तक लिहिण्याचं काम तेल कंपन्यांना अजिबात जड नाही, आणि ते झालंच पाहिजे.

याच कुळातली लहान भावंडं आपल्या रोजच्या वाटेवर असतात. ज्या पेट्रोल पंपांवर पंप जमिनीखालच्या टाकीत बुडवलेला असतो, तिथे प्रत्येक वितरण यंत्राच्या पायाशी एक झडप असते. तिच्या धडाला मुद्दाम एक कमजोर खाच ठेवलेली असते. गाडी यंत्राला धडकली की धड त्या खाचेवर तुटतं आणि खालची झडप मिटते. गॅसच्या टँकरच्या आतल्या झडपेची बैठक टाकीच्या आत असते, बाहेरचा नळ तुटला तरी ती शाबूत राहावी म्हणून. शिवाय प्रवाह ठराविक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप मिटणारी झडपही असते. ही व्यवस्था असूनही २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे, त्याच जयपूरजवळ भांकरोट्याला, वळण घेणाऱ्या एलपीजीच्या टँकरवर ट्रक आदळला, टँकरचे नोझल तुटले आणि गॅसच्या ढगानं मागेपुढे थांबलेल्या गाड्या पेटवल्या. सुमारे वीस माणसं गेली. रस्त्यावरच्या टाकीला बांध नसतो आणि बांधाबाहेरचं बटणही नसतं. तिथे सगळी भिस्त त्या आतल्या झडपेवर आणि टँकरच्या पाठीच्या रचनेवर असते, म्हणून या टँकरांच्या नोझलभोवतीचं संरक्षण अजून मजबूत करायला हवं, असं मला आग्रहानं वाटतं.

डेपोंच्या बाबतीत माझी मागणी याहून सोपी आहे. रासायनिक अपघातांसाठीच्या १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि त्याखाली स्थानिक गट असतात. स्थानिक गटात गावचे सरपंच किंवा वस्तीतले प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. या बैठकांत सरावाच्या तारखा ठरतात, भोंगा कुठे ऐकू जातो याची चर्चा होते. त्याच टेबलावर डेपोनं प्रत्येक टाकीच्या रोसोव्हचा एक कागद ठेवावा: शेवटची अर्धवट चाचणी कधी, पूर्ण चाचणी कधी, मिटायला किती सेकंद लागले, मागच्या वेळी किती लागले होते, आणि एखादी राखण तात्पुरती बंद ठेवली असेल तर कुणी, कधीपासून आणि कधीपर्यंत. गेल्या वर्षी अठरा सेकंदांत मिटणारा व्हॉल्व्ह यंदा एकतीस सेकंद घेत असेल, तर तो चिकटायला लागला आहे. हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. पानेवाडीच्या किंवा माहुलच्या शेजारी राहणाऱ्या कुणालाही तो आकडा वाचता येईल आणि पुढच्या बैठकीत त्याबद्दल विचारता येईल.